नळी आखूड म्हणून रिव्हॉल्व्हर लहान होत नाही: परवानाधारकांनो, या चुका टाळा

जळगावच्या सराफ्यात, रावेर-सावद्याच्या केळी व्यापाऱ्यांत, धुळ्याच्या पेट्रोलपंपवाल्यांत परवान्यावरचं हत्यार म्हणजे बहुधा कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर. नळी ३ इंची, वजन ७०० ग्रॅमच्या आसपास. घेणारा नळी बघतो आणि म्हणतो, "आखूड आहे, सहज मावेल." सगळं इथूनच बिघडतं. हे हत्यार वेब्ली या ब्रिटिश कंपनीच्या मार्क ४ या .३८ रिव्हॉल्व्हरच्या घाटावर बेतलेलं आहे. काडतूस बारीक झालं, अंग मात्र थोराडच राहिलं.

नळी पँटच्या आत जाते, तिचा त्रास नसतो. सदऱ्यावर उठून दिसते ती मूठ, आणि बरगडीला टोचतो तो सिलिंडर, म्हणजे काडतुसं बसतात तो फिरता गोल. स्मिथ अँड वेसन या अमेरिकी कंपनीचा मोठा सांगाडा, एन-फ्रेम, घ्या: सिलिंडरची जाडी सुमारे ४३ मिलिमीटर. त्यांच्याच लहान जे-फ्रेमची ३३. नळी कापून दोन इंचांवर आणली तरी मधला सेंटिमीटर कुठे जात नाही. दुकानात उभ्याने आरशात बघून हत्यार पसंत करणाऱ्यांना हे घरी आल्यावर कळतं. रोजचा सदरा घालून जा, रिकामं हत्यार कमरेला लावा आणि बसून बघा. तुमचा दिवस बसण्यातच जातो.

मोठं अंग म्हणजे मोठा मार, हाही गैरसमजच. .३२ ची नेहमीची गोळी ९८ ग्रेनची, म्हणजे सव्वासहा ग्रॅमच्या जरा वर. जड अंगाचा फायदा वेगळा: धक्का कमी बसतो, मूठ हात भरून मिळते. आखूड नळीवर नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच जवळ येतात, त्यामुळे हाताची जराशी चूक निशाण्यावर मोठी होऊन दिसते. वर्षातून एकदा शेतात हवेत बार काढणं म्हणजे सराव नव्हे, तो गुन्हा आहे. सराव रेंजवरच करायचा.

आता ज्या चुकीने खरोखर डोकं उठतं ती. सव्वा-दीड लाखाचं हत्यार आणि होल्स्टर दीडशे रुपयांचं, किंवा होल्स्टरच नाही. चोपड्याकडच्या एका लग्नात एका पाहुण्याने रिव्हॉल्व्हर पायजम्याच्या नाडीत खोचलेलं होतं. पंगतीत मांडी घालून बसताना नाडी सैल झाली आणि ते घसरलं. पडू दिलं असतं तर कदाचित नुसता आवाज होऊन भागलं असतं. त्याने झेलायला हात घातला, बोट चापात (ट्रिगरमध्ये) गेलं, गोळी फरशीवरून उसळून मांडवाच्या खांबात घुसली. माणसं वाचली, परवाना गेला, तारखा चालू राहिल्या. पडणारं हत्यार कधीही झेलू नका, पडू द्या.

होल्स्टर जाड चामड्याचं हवं. चाप पूर्ण झाकला पाहिजे, घोड्यावरून (काडतुसावर आपटणाऱ्या मागच्या हातोडीवरून) बटणाची पट्टी हवी, आणि हत्यार काढल्यावर तोंड मिटता कामा नये; मिटलं तर परत ठेवताना बोट चापाकडे जातंच. पट्टा दुहेरी चामड्याचा, दीड इंच रुंद. फॅशनचा पातळ पट्टा ७०० ग्रॅम पेलत नाही, एका बाजूला लोंबतो. पट्ट्यावर खर्च करायची तयारी नसेल तर हत्यार घेऊच नका, असं माझं सरळ मत आहे. गादीवर मांडी घालून बसणाऱ्या सराफाला आणि गाडी चालवणाऱ्याला उजव्या कुशीपेक्षा डाव्या बाजूला पुढे, मूठ उजवीकडे करून लावलेलं बरं पडतं. मात्र ते काढताना नळी शेजारच्या माणसावरून फिरते, म्हणून काढघाल एकट्याने, भिंतीकडे तोंड करून. कमरेच्या मागे मणक्यावर अजिबात नको. मोटरसायकलवरून पाठीवर पडलात तर लोखंड मणक्यात बसेल.

दुसरी आवडती चूक सीमेची. परवान्यावर क्षेत्राचा रकाना असतो, तो कोणी वाचतच नाही. 'महाराष्ट्र' लिहिलेलं असताना रावेरचा व्यापारी केळीच्या हिशेबाला बऱ्हाणपूरला जातो, शिरपूरचा सेंधव्याला, आणि हत्यार कमरेलाच. नवापूर स्टेशनचा फलाट तर अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. चार पावलं पुढे गेलात की परवाना असूनही तुम्ही विनापरवाना. "आपला रोजचाच रस्ता आहे, कोण विचारतं भाऊ" हे नाकाबंदीपर्यंतच चालतं. क्षेत्र वाढवून घ्यायचा अर्ज करा, नाहीतर त्या दिवशी हत्यार तिजोरीत ठेवा. आणि आपल्या हद्दीतही ते झाकलेलंच हवं. मूठ दिसेल असा सदरा खोचून फिरणाऱ्यांना नियमही माहीत नाहीत आणि अक्कलही नाही. लग्नात आनंदाचे बार काढलेत तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

भुसावळ-जळगावचा मे महिना हत्याराला खातो. घामातलं मीठ चामड्यात मुरतं आणि हत्यार रात्रभर त्याच होल्स्टरमध्ये पडून राहतं. सकाळी घोड्याच्या बाजूला तांबूस ठिपके. रोज रात्री काढा, तेलाच्या चिंधीने पुसा, होल्स्टर वेगळं वाळू द्या. काडतुसं चामड्याच्या पट्टीत महिनोन् महिने ठेवली की पितळेवर हिरवा थर चढतो आणि ती सिलिंडरच्या घरात अडकतात. डब्यात ठेवा.

बाकीचं थोडक्यात. कानपूरचं हत्यार बिजागरीवर मधून मोडून उघडतं; उघडताना नळी आकाशाकडे ठेवून एका झटक्यात पूर्ण मोडा. आडवं धरून हळूहळू उघडलं की रिकामं खोकं एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे खोकी बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या, चांदणीखाली सरकतं आणि बंदच होत नाही. बाजूला उघडणारा सिलिंडर मनगटाच्या झटक्याने मिटू नका, सिलिंडर पेलणारा दांडा वाकतो. जुनं, आतली रचना माहीत नसलेलं रिव्हॉल्व्हर असेल तर घोड्याखालचं घर रिकामं ठेवा.

रेंजवर काडतूस फुटलं नाही तर नळी निशाण्यामागच्या टेकाडाकडेच ठेवून तीस सेकंद थांबा. बार 'फुस्स' झाला तर तिथेच थांबायचं: गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि पुढची तिच्यावर आदळून नळी फुगवते.

निवडणुकीत ठाण्यात जमा करताना रिकामं करून, नळीत तेलाचा हात फिरवून, होल्स्टरशिवाय द्या. पावतीवर नंबर जुळवा. परत मिळालं की आधी उघडून नळीतून उजेड बघा. कुंभारमाशीने आत मातीचा बोळा केलेला असू शकतो. तो काढून नळी पुसल्याशिवाय काडतूस भरायचं नाही.