थंडीत प्रियसची जाळी झाकताना या चुका टाळा

टोयोटाची प्रियस ही पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणारी हायब्रिड गाडी; एरवी ती थांबली की इंजिन आपोआप बंद होतं. पण टोरांटोच्या किंवा मिनिआपोलिसच्या हिवाळ्यात सिग्नलला थांबलं तरी तिचं इंजिन बंद होत नाही. कूलंट (इंजिनातून फिरणारं, त्याला थंड ठेवणारं द्रव) साधारण ७० अंश सेल्सिअसला पोचल्याशिवाय हायब्रिड यंत्रणा इंजिनाला थांबू देत नाही. त्यात हीटर चालू असला की तोही उष्णता ओढतो. म्हणून गार वारा अडून इंजिन लवकर तापावं यासाठी गाडीच्या पुढच्या जाळीच्या पट्ट्यांवर नळाला घालायचा फोम उभा चिरून बसवतात. उपाय उत्तम आहे, पण अंदाजाने करू नका.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे तापमान न बघता जाळी झाकणं. या गाडीत तापमानाचा काटा नसतो. इंजिन फार तापल्यावर लाल दिवा लागतो, तोवर उशीर झालेला असतो. ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटमध्ये बसणारं छोटं उपकरण) लावून मोबाइलवर कूलंटचा आकडा बघा. थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटला रेडिएटरकडे सोडणारी झडप, ८२ अंशांच्या आसपास उघडतो. आकडा ९५ च्या वर टिकला, किंवा बाहेर उणे पाच असताना, डीफ्रॉस्ट (काचेवरची वाफ घालवणारी सोय) बंद असूनही रेडिएटरचा पंखा घोंघावू लागला, तर एक फोम लगेच काढा.

दुसरी चूक म्हणजे सगळ्या फटी बंद करणं. थर्मोस्टॅट बंद असताना रेडिएटरमधून कूलंट जवळजवळ फिरतच नाही. फोमचा खरा फायदा बोनेटखाली शिरणारा गार वारा अडवण्यात आहे, आणि त्यासाठी निम्मी जाळी झाकली तरी पुरते. मोटरला वीज पुरवणाऱ्या इन्व्हर्टरचं कूलंट वेगळं फिरतं, त्याला वारा लागतोच. ५-७ अंशांच्या दमट थंडीत काचेवरची वाफ घालवायला डीफ्रॉस्ट लावला की एसीचा कंप्रेसरही चालतो, म्हणजे जाळीमागच्या एसीच्या कंडेन्सरलाही वारा हवा. आधी खालच्या जाळीतल्या दोनच फटी झाका आणि आठवडाभर आकडे बघा.

रेडिएटरमागे पुठ्ठा कधीच सारू नका. तो भिजतो, सरकतो आणि पंख्यात अडकतो.

दुपारचं तापमान १० अंशांवर जाऊ लागलं की फोम काढा. २०१६ पासूनच्या प्रियसमध्ये जाळीत आपोआप मिटणारी झडप आहे, तिथे फोम लावूच नका.

आणि हायवेवर वीस मिनिटं चालवूनही आकडा ७० च्या खालीच राहत असेल, तर दोष थंडीला देऊ नका. थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल. डोंगलवर दिसणारा पी०१२८ हा दोषाचा कोड बहुधा त्याचाच. आधी इंजिन गार असताना कूलंटच्या टाकीतली पातळी बघा. कमी असेल तर टोयोटाचं गुलाबी कूलंटच घाला. ते आधीच जवळजवळ निम्मं पाणी मिसळून येतं, त्यात आणखी पाणी नको.