बीड जिल्ह्याचं टिपण लिहायचंय? आधी एवढं हाताशी घ्या

आकड्यांच्या आधी कॅलेंडर काढा. 2011 च्या जनगणनेत माणसं मोजली गेली ती 9 ते 28 फेब्रुवारीला. तेव्हा साखर कारखान्यांचं गाळप ऐन भरात असतं आणि बीडच्या ऊसतोड कामगारांच्या टोळ्या सांगली-कोल्हापूरच्या, नाहीतर थेट बेळगावकडच्या उसाच्या फडात असतात. त्या वीस दिवसांत जो गावी फिरकलाच नाही, तो जिथे सापडला तिथला धरायचा असा नियम आहे. जिल्ह्याची 25,85,049 ही लोकसंख्या जरूर द्या, पण गावनिहाय तक्ता उतरवण्याआधी डोंगरपट्ट्यातल्या दोन-चार गावांचे आकडे अंगणवाडीताईंच्या कुटुंब नोंदवहीशी ताडून पाहा. 2027 ची मोजणीही फेब्रुवारीतच ठरलेली आहे, त्यामुळे हा घोळ पुढेही राहणार.

कागद तीन लागतात: जिल्हा जनगणना पुस्तिका, अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन, आणि कृषी गणनेचे तक्ते. समालोचनाच्या मुखपृष्ठावर ताजं वर्ष असतं, आतले लोकसंख्येचे आकडे मात्र 2011 चेच. प्रत्येक आकड्याशेजारी त्याचं स्वतःचं वर्ष लिहा. 916 आणि 807 यांची गल्लत तर नेहमीची. पहिलं दर हजार पुरुषांमागे स्त्रियांचं एकूण प्रमाण, दुसरं फक्त 0 ते 6 वयाच्या मुलींचं, जे 2001 मध्ये 894 होतं.

रोजगाराच्या तक्त्यात 'ऊसतोड कामगार' असा रकाना शोधत बसू नका, तो नाहीच. सहा महिने किंवा जास्त काम असेल तर मुख्य कामगार, कमी असेल तर सीमांतिक. दोन एकर कोरडवाहू कापूस असलेला तोडणीवाला कधी शेतकऱ्यात पडतो, कधी शेतमजुरात. टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडचा हिशेब तर माणसांत नसतोच, कोयत्यांत असतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकटा असेल तर अर्धा कोयता. शंभर कोयते म्हणजे दोनशे माणसं, बरोबर नेलेली लेकरं वेगळी.

दरडोई उत्पन्न लिहिताना जास्त जपा. जिल्हा उत्पन्न काम जिथे होतं तिथलं धरतात, म्हणजे सांगलीच्या फडातली मेहनत सांगलीच्या खात्यात जाते. गावातलं नवं सिमेंटचं घर त्या आकड्यातून उलगडत नाही. उचल, म्हणजे मुकादमाकडून हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, हे उत्पन्न नव्हे, ते अंगावरचं कर्ज आहे. तोड कमी झाली की ती फिटत नाही आणि बाकी पुढच्या हंगामावर चढते. प्रश्नावलीत उचल, फिटलेली रक्कम आणि बाकी असे तीन वेगळे रकाने ठेवा.

अकरा तालुक्यांची सरासरी काढून थांबलात तर काहीच कळणार नाही. गोदाकाठ आणि माजलगाव धरणामुळे गेवराई-माजलगावात स्वतःचा ऊस आहे, पाटोदा, शिरूर कासार, धारूरकडे बालाघाटाचं हलकं रान. किमान दोन तालुके समोरासमोर मांडा.

गावात जायचं ते पोळ्याच्या आसपास, म्हणजे माणसं गावात आणि उचलीचे व्यवहार ताजे असतात. दिवाळीनंतर गेलात तर म्हातारी माणसं आणि आईबाप तोडीला गेल्यावर हंगामी वसतिगृहात राहणारी पोरंच भेटतील. बाईशी वेगळं बोला, शक्यतो बाई गणकाकडून. उचल बहुधा नवऱ्याच्या हातात पडते, म्हणून 'तुम्हाला किती मिळाले' या प्रश्नाला ती 'मालकांना विचारा' म्हणेल; त्याऐवजी पहाटे कधी उठता, किती मोळ्या बांधता, ट्रॅक्टर रात्री आला तर भरायला कोण जातं, हे विचारा.