ग्राहकाला पाठवलेला व्हिडिओ धूसर का दिसतो?

आपल्या फोनवर लख्ख दिसणारा व्हिडिओ ग्राहकाकडे पोचेपर्यंत इतका धूसर होतो, की कापडाची वीणसुद्धा ओळखू येत नाही. व्हॉट्सअ‍ॅप पाठवताना फाइल दाबून लहान करतं, हे त्याचं कारण. पाठवण्याआधी एचडी निवडा, म्हणजे फाइल कमी दाबली जाते; किंवा ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा. डॉक्युमेंट म्हणून ती जशीच्या तशी जाते. पण जड फाइल डाउनलोड करायला ग्राहक कंटाळतो. म्हणून 4के, म्हणजे फार बारकाव्याचं पण जड चित्रण, नकोच. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 1080पी आणि सेकंदाला 30 फ्रेम निवडा, आणि 40 सेकंदांत आटपा.

खरं नुकसान आवाजाने होतं. फोन लांब ठेवला की खोलीत आवाज घुमतो आणि शब्द कळत नाहीत. साधा कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर लावा, पंखा बंद करा. सुरुवातीलाच ग्राहकाचं नाव आणि त्याचा प्रश्न घ्या. बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात, त्यामुळे किंमत आणि माल कधी मिळेल ते सोबत लिहूनच पाठवा.