परदेशात सेवाकार्याला निघताय? आजारी पडलात तर हलवणार कोण, ते आधी विचारा

सोलापुरात वाढलेल्या माणसाला डॉ. कोटणीस वेगळे सांगावे लागत नाहीत. १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून ते चीनला गेले आणि १९४२ मध्ये, बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी तिथेच वारले. दुसऱ्यांना बरं करायला गेलेला माणूसही आजारी पडतो. नर्सिंग, लॅब किंवा पाणीपुरवठ्याचं काम शिकून आफ्रिकेत निघालेल्या मुलामुलींनी हे आधी मनाशी धरावं.

लशींची यादी तुमच्याकडे असेलच. एवढंच लक्षात ठेवा: पीतज्वराची (यलो फीवरची) लस फक्त सरकारमान्य केंद्रात मिळते आणि तिचा दाखला दहा दिवसांनी लागू होतो. तिकीट त्या हिशेबाने काढा.

खरा घात होतो तो नेमणूकपत्रातल्या ‘आरोग्य विमा लागू’ या तीन शब्दांत. आपल्याकडे ‘पेशंटला पुण्याला हलवा’ म्हणतात तेव्हा घरच्यांपुढे दोन खर्च उभे राहतात: अडीचशे किलोमीटरची अँब्युलन्स आणि तिथल्या दवाखान्याचं बिल. परदेशातही तसंच. दवाखान्याचा खर्च हे एक कलम आणि विमानाने हलवणं हे दुसरं. हे दुसरं कलम बऱ्याचदा फक्त ‘आंतरराष्ट्रीय कर्मचाऱ्यां’ना असतं. तुम्ही भारतातून गेलात, पण करार तिथल्या स्थानिक कार्यालयाशी झाला, तर कागदावर तुम्ही स्थानिक ठरू शकता. स्वतःच पैसे भरून जाणाऱ्या स्वयंसेवकाचे हाल त्याहून वाईट. तो मार्ग मला अजिबात पटत नाही.

म्हणून सही करण्याआधी ईमेलवर लेखी उत्तर घ्या. कमाल रक्कम किती? हलवणार ते जवळच्या मोठ्या शहरात की भारतात? शुगर-बीपी जुनं असेल तर? युद्धग्रस्त भाग वगळलाय का? आणि काम संपल्यावर विमा किती दिवस चालतो? शेवटचा प्रश्न हमखास राहून जातो. डास चावल्यावर फाल्सिपेरम या सर्वांत घातक प्रकारच्या मलेरियाचा ताप यायला एक-दोन आठवडे, कधी महिनाभरही लागतो. म्हणजे तुम्ही घरी पोहोचलेले असता आणि पॉलिसी संपलेली असते. मलेरिया टाळायला डॉक्सिसायक्लिनची गोळी घेत असाल तर परतल्यावरही चार आठवडे रोज घ्यायची. तरीही ताप आलाच तर डॉक्टरांना आधी देशाचं नाव सांगा. नाहीतर इथे डेंग्यूच्या तपासण्यांत दिवस जातील. मलेरियाची तपासणी त्याच दिवशी हवी.

दाखल होण्याआधी विमा कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करून केस नंबर लिहून घ्या. जीवावर बेतलं असेल तर आधी दवाखाना, फोन सोबतच्या माणसाला करू द्या.

‘काही होत नाही रे’ म्हणणाऱ्या, जाऊन आलेल्या दादाचा सल्ला कामापुरता घ्या, तब्येतीबाबत नको. तो धडधाकट परतला, एवढंच त्याला माहीत असतं. पण घाबरूनही जाऊ नका. नीट विचारलं तर बहुतेक गोष्टी आधीच मिटतात.

आता तुमच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे बघा. समजा, एकाच कुत्र्याने तुम्हा दोघांना खोल चावा घेतला. दोघांनीही जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुतली. तुम्ही निघण्याआधी रेबीजची लस घेतलेली, त्यामुळे एक लगेच आणि एक त्यानंतर तीन दिवसांनी, असे दोनच डोस पुरतात. त्याने घेतलेली नसते. त्याला पूर्ण कोर्स आणि शिवाय जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, आणि तेच तिथल्या तालुक्याच्या दवाखान्यात बऱ्याचदा नसतं.

२०१४ च्या इबोला साथीत हीच दरी जगाला दिसली. सिएरा लिओनचे डॉ. शेख उमर खान आजारी पडले, तेव्हा झेडमॅप हे प्रायोगिक औषध त्यांच्यावर उपचार चाललेल्या केंद्रात होतं. धोक्याचा विचार करून ते द्यायचं नाही असं ठरलं. २९ जुलैला ते वारले. लायबेरियात आजारी पडलेल्या दोन अमेरिकन सेवाकर्मींना ते मिळालं, विमानाने अटलांटाला नेलं गेलं आणि दोघंही वाचले. औषधानेच वाचले, हे सिद्ध झालेलं नाही. पण परतीचं विमान कोणासाठी आलं, हे सगळ्यांनी पाहिलं.

स्वतःच्या मलेरियाच्या गोळ्या सहकाऱ्याला वाटून देऊ नका. दोघांचाही कोर्स अर्धवट राहतो. त्यापेक्षा मुलाखतीतच विचारा, ड्रायव्हर आणि दुभाष्यालाही रेबीजची लस देता का. या प्रश्नाने नेमणूक अडत नाही, आणि लशीचा खर्च संस्थेच्या बजेटमध्ये सहज बसतो.