सलूनचा फिरता खांब घरी कसा बनवावा

सलूनबाहेर काचेच्या नळीत फिरणाऱ्या खांबाचे पट्टे सारखे वर चढताना दिसतात. प्रत्यक्षात एकही पट्टा वर जात नाही. पडताळून पाहायचं तर कार्डशीट, स्केचपेन, बाटली आणि दोरा एवढं पुरे.

१. कागदावर १-१ सेंमी अंतरानं, उजवीकडे वर चढणाऱ्या ४५ अंशांच्या रेषा आखा. एकाआड एक पट्टा लाल रंगवा. काम कंटाळवाणं आहे, म्हणून तोवर लाल-पांढऱ्याची गोष्ट. मध्ययुगीन युरोपात न्हावी दात उपटत, गळवं फोडत, शिरेतून रक्त काढत. ख्रिस्ती चर्चच्या १२१५च्या लॅटरन धर्मसभेनं धर्मगुरूंना चिरफाडीची मनाई केली, तसं हे काम आणखीच न्हाव्यांकडे आलं. शीर फुगावी म्हणून रोग्याच्या मुठीत दांडा देत. तो दांडा आणि रक्ताळलेल्या पट्ट्या हीच पुढे दुकानाची खूण झाली, असं सांगतात. इंग्लंडात १५४० मध्ये न्हावी आणि शल्यवैद्य यांचा एकच संघ झाला, १७४५ मध्ये तो फुटला. खांब न्हाव्यांकडे राहिला. आपल्याकडे तरी वेगळं काय होतं? रक्त ओढून काढायच्या तुंबड्या लावायला न्हावीच लागे, म्हणून तर रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो.

२. कागद लगेच गुंडाळू नका. दुसऱ्या पुठ्ठ्यात २ x १० सेंमीची खिडकी कापा. ती उभी धरून मागून पट्ट्यांचा कागद सरळ डावीकडे सरकवा: पट्टे वर चढतात. आता खिडकी आडवी करा, कागद तसाच सरकवा: पट्टे डावीकडे धावतात! खरी मेख इथे आहे. एकसारख्या पट्ट्यावर खूण नसते, त्यामुळे तो नेमका कुठे सरकला हे डोळ्याला कळत नाही. मग नजर पट्ट्यांची टोकं धरते, आणि लांब कडेवर टोकं जास्त. मानसशास्त्रज्ञ हान्स वालाख यांनी १९३५ मध्ये याचा बारकाईनं अभ्यास मांडला.

३. कागद बाटलीभोवती गुंडाळा. जोडावर पट्ट्याला पट्टा जुळेल इतका एकावर एक घ्या आणि चिकटवा.

४. एका लाल पट्ट्यावर ठळक काळा ठिपका काढा. बाटलीच्या गळ्याला दोरा बांधून टांगा, पीळ द्या, सोडा. वरून पाहता घड्याळाच्या दिशेनं फिरली तर पट्टे चढतील, उलट फिरली की उतरतील. ठिपका मात्र त्याच उंचीवर गरगरत राहील. बाटली फार डुलत असेल तर तळाशी थोडं पाणी भरा.