वॉरहॉलची टिपलेली रेघ: टाक, शाई आणि पितळी कळशी

अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉल म्हटलं की सूपचे डबे आणि मेरिलिन मन्रो आठवते. पण 1962 मध्ये स्क्रीन प्रिंटिंगकडे वळण्याआधी न्यूयॉर्कमध्ये त्याचं पोट जाहिरातींच्या चित्रांवर चालत होतं. त्या चित्रांतली टिपलेली रेघ, म्हणजे एका कागदावरची ओली शाई दुसऱ्यावर दाबून उमटवलेली तुटक, मधेच फुगणारी रेघ, त्याने पिट्सबर्गला कॉलेजात असतानाच हातात बसवली होती. बेन शाहन या चित्रकाराची छाया तिच्यावर दिसते. ही रेघ घरच्या टेबलावर काढता येते.

लागतं एवढंच: ए4 ट्रेसिंग पेपर, 200 जीएसएमचा कार्ट्रिज पेपर (चित्रकलेचा जाड कागद), टाक, काळी वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक आणि मास्किंग टेप. फाउंटन पेनची शाई नको. वर जलरंग लावला की ती पसरते आणि चित्र काळवंडतं.

वॉरहॉलने 1955 च्या सुमारास आय. मिलर कंपनीसाठी बायकांचे बूट काढले. नाशिककराने भांडी बाजारातली पितळी कळशी घ्यावी: पोटाची एक सलग कड, गळा, काठ, बस्स. जुन्या वाड्याच्या खांबावरचं कोरीव काम सुरुवातीला टाळा. बारीक रेघा टिपताना एकमेकींत मिसळतात.

ट्रेसिंग पेपरवर एचबी पेन्सिलने हलक्या हाताने चित्र काढा आणि कागद उलटा करा. टिपल्यावर चित्र आरशातल्यासारखं उलटं उमटतं, म्हणून ही काळजी. शिवाय पेन्सिल खालच्या बाजूला राहिल्याने शिसं शाईत मिसळत नाही. आता या कागदाची उजवी कड कार्ट्रिजच्या डाव्या कडेला टेपने जोडा, वहीच्या दोन पानांसारखी. टेप घट्ट हवा. जोड हलला की पुढची रेघ मागचीला मिळत नाही, आणि हे नंतर दुरुस्त होत नाही.

खालून दिसणाऱ्या रेघेवर टाकाने फक्त दोन-तीन सेंटिमीटर शाई द्या, लगेच पान मिटा, बोटाने सरळ दाबा, उघडा. बोट घासू नका. मग पुढचा तुकडा. शाई जास्त झाली की डाग पडतो, कमी झाली की रेघ उमटतच नाही. टाक दौतीच्या काठाला एकदा टेकवून घ्या. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात शाई पान मिटेपर्यंत वाळते, तेव्हा पंखा बंद ठेवा आणि एक सेंटिमीटरच घ्या. पावसाळ्यात उलट त्रास: दमट कागदावर शाई फुटते. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, वजनाखाली ठेवा.

नवा कार्ट्रिज जोडून त्याच पेन्सिलीवर पुन्हा शाई दिली की दुसरी प्रत मिळते. प्रत्येक प्रत थोडी वेगळी. एकच प्रतिमा पुन्हा पुन्हा काढायची वॉरहॉलची ओढ इथूनच दिसू लागते.

शाई पूर्ण वाळल्यावर पातळ रंग भरा. वॉरहॉल हे काम अनेकदा मित्रांकडून करवून घेई, त्यामुळे रंग कडेबाहेर गेला तरी चालतो. सोनेरी हवं असेल तर फेव्हिकॉलमध्ये तेवढंच पाणी मिसळून लावा, हाताला चिकट लागू लागला की सोनेरी बेगड ठेवून कापसाने दाबा. पन्नासच्या दशकात तोही सोन्याचा वर्ख वापरत असे. लहानपणी आईबरोबर तो पिट्सबर्गच्या ज्या बायझंटाइन कॅथलिक चर्चमध्ये जाई, तिथली सोनेरी संतचित्रं त्याच्या नजरेत मुरलेली होती.

मजकूर आईकडून किंवा आजीकडून लिहून घ्या. ज्युलिया, वॉरहॉलची आई, 1952 पासून जवळपास वीस वर्षं त्याच्याबरोबर न्यूयॉर्कला राहिली. तिला इंग्रजी फारसं येत नव्हतं, पण तिची वळणदार अक्षरं त्याच्या चित्रांखाली छापली जात. मांजरांच्या एका पुस्तकाच्या नावात तिच्याकडून एक अक्षर सुटलं, त्याने ते तसंच ठेवलं. मजकूरही वरच्याच पद्धतीने टिपा. आधी अक्षरं, मग शिरोरेघ, आणि तीही तुकड्या-तुकड्याने. एका दमात ओढली तर दुसरं टोक येईपर्यंत पहिलं वाळलेलं असतं.