वन रूम किचनमधून ऑनलाइन यूथ कॉन्फरन्स कशी करायची

लालबागच्या आमच्या वन रूम किचनमधून मी आत्तापर्यंत पाच ऑनलाइन यूथ कॉन्फरन्स केल्यात, आणि हल्ली आजूबाजूची कॉलेजची मुलं येऊन विचारतात की ताई सिलेक्शन तर झालं, आता पुढे काय करायचं, म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते.

पहिलं हे बघा की तुम्ही कशात भाग घेताय. एमयूएन, म्हणजे मॉडेल युनायटेड नेशन्स, यूएनच्या सभेची नक्कल असेल तर तुम्हाला एक देश मिळतो आणि तुम्ही त्या देशाचं म्हणणं मांडायचं, तुमचं स्वतःचं मत त्यावेळी बाजूला. दुसऱ्या प्रकारात तुम्ही स्वतः म्हणून बोलता, जसं २०२० साली कोरोनामुळे ग्लासगोची कॉप २६, म्हणजे यूएनची हवामान परिषद, एक वर्ष पुढे गेली तेव्हा तरुणांनी स्वतःच ऑनलाइन मॉक कॉप २६ भरवली, १४० हून जास्त देशांतले डेलिगेट, म्हणजे प्रतिनिधी, होते त्यात. हा फरक मला पहिल्या वेळी कळलाच नव्हता. मला बांगलादेश मिळालेला आणि मी पुराबद्दल बोलता बोलता २००५ च्या २६ जुलैवर गेले, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस वगैरे, तर चेअरने, म्हणजे सभा चालवणाऱ्याने, मध्येच थांबवून विचारलं की हे बांगलादेशचं म्हणणं आहे का. बांगलादेशकडे १९७० च्या भोला चक्रीवादळापासूनचं सांगण्यासारखं इतकं होतं, सायक्लोन शेल्टर कशी उभी राहिली ते होतं, आणि मी ते वाचलंच नव्हतं. (फी मागत असतील तर भरायच्या आधी जुन्या डेलिगेटशी बोला, फुकटातल्या चांगल्या कॉन्फरन्सही असतात.)

तयारी म्हणजे दहा वेबसाइट वाचणं नाही. यूएनचे १९३ सदस्य देश, त्यातल्या तुमच्या देशाने आमसभेत काय भाषण केलं आणि कुठल्या ठरावावर कसं मत दिलं हे यूएनच्याच साइटवर मिळतं, तेवढं नीट वाचा आणि वहीत तीन ओळी लिहा: एक ओळ जी तुमचा देश कधीच सोडणार नाही आणि दोन ओळी ज्या सोडता येतील. ही वही शेवटपर्यंत उपयोगी पडते, का ते पुढे सांगते.

आणि शब्द बारकाईने वाचायची सवय लावा. कॉप २६ च्या अगदी शेवटच्या तासांत भारताच्या आग्रहाने कोळशाबद्दलचा ‘फेज आउट’ हा शब्द ‘फेज डाउन’ झाला, म्हणजे बंद करण्याऐवजी कमी करत जाणं, आणि सगळी चर्चा त्या एका शब्दावर फिरली. त्याच्याही खूप आधी यूएनच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात पहिल्या कलमात ‘ऑल मेन’ असं होतं, त्याचं १९४८ मध्ये ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ झालं त्याचं श्रेय हंसा मेहतांना देतात, आणि या बाई मुंबई प्रांताच्या विधान परिषदेवर होत्या, म्हणजे आपल्याच. मला हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

आता वेळ. जिनिव्हा आपल्या साडेचार तास मागे असतं पण उन्हाळ्यात साडेतीन तास, न्यूयॉर्क साडेदहा आणि उन्हाळ्यात साडेनऊ, कारण त्यांची घड्याळं पुढेमागे होतात आणि आपलं होत नाही. मार्चच्या शेवटी असंच झालं आणि मी जॉइन केलं तेव्हा ओपनिंग स्पीचेस संपत आलेली. शेड्यूल आलं की भारतीय वेळेत लिहून किचनच्या दरवाज्यावर चिकटवा, घरच्यांनाही दिसतं.

घरच्यांना सांगणं फार महत्त्वाचं आहे खरंच. आमच्याकडे आईला मी बोलायची वेळ सांगून ठेवते, ती तेवढ्यात कुकर लावत नाही, शेजारच्या काकू गॅलरीत येऊन हाक मारत नाहीत. वायरवाले इअरफोन घ्या, खिडकी समोर ठेवून बसा म्हणजे तोंडावर उजेड येतो, आणि मोबाइलवरूनही म्यूट करून जॉइन राहा म्हणजे वायफाय गेलं, लाइट गेली तरी तुम्ही रूममध्येच असता. भाषण आधीच टाइप करून ठेवा, आवाज तुटला तर लगेच चॅटमध्ये टाकता येतं.

भाषणाला साधारण साठ ते नव्वद सेकंद मिळतात. मी मराठी मीडियमची, मला इंग्रजीची धडकी भरायची, तर मी आधी मराठीत लिहायचे आणि मग छोट्या छोट्या वाक्यांत इंग्रजी करायचे, आणि खरं सांगू का, समोरच्या निम्म्या लोकांची पण मातृभाषा इंग्रजी नसते, त्यांना हळू बोललेलं आवडतं. कॅमेऱ्यात तुमच्यामागे काय दिसतंय तेही बोलत असतं. २०२१ मध्ये तुवालूचे मंत्री सायमन कोफे यांनी गुडघाभर समुद्रात उभं राहून कॉप २६ साठी व्हिडिओ केला, तो एकदा बघाच.

पण खरं काम होतं अनमॉडमध्ये, म्हणजे चेअर बाजूला होतो आणि डेलिगेट आपसात बोलतात तेव्हा. हॉलमध्ये लोक कोपऱ्यात जाऊन बोलतात, ऑनलाइन ब्रेकआउट रूममध्ये चार जण बोलतात आणि वीस जण ऐकत बसतात. तो कोपरा तुम्हाला प्रायव्हेट मेसेजने तयार करावा लागतो. ‘हाय, सपोर्ट करशील का’ असं नका लिहू. त्या व्यक्तीचं नाव, तिने भाषणात म्हटलेली एक गोष्ट, आणि तुमचा एक नेमका प्रश्न, एवढंच.

एका रात्री साडेअकरा वाजले होते, फिजीच्या मुलाकडे सकाळचे सहा, त्याच्यामागे कोंबडा आरवत होता, आणि नॉर्वे म्हणून बसलेली मुलगी ब्राझीलहून, तिच्याकडे दुपारचे तीन. हवामान निधीच्या एका कलमावर अडलेलो, गूगल डॉकमध्ये तिघांचे कर्सर त्याच ओळीवर लुकलुकत होते. आम्हाला वाटलं तिचा ‘नवा आणि अतिरिक्त निधी’ मधल्या ‘अतिरिक्त’ला विरोध आहे, अर्धा तास आम्ही त्यावरच वाद घातला. शेवटी मी प्रायव्हेटमध्ये विचारलं की नेमका कुठला शब्द अडतोय, तर ती म्हणाली शब्द नाही, त्याच्यापुढे लिहिलेलं साल अडतंय. वही काढली, साल माझ्या सोडता येणाऱ्या ओळींत होतं. आम्ही साल काढलं, ‘अतिरिक्त’ राहिलं, तिने सही केली आणि फिजीवाला उठून चहा करायला गेला. ती ओळ पास झाली तेव्हा मी तोंडावर उशी दाबून ओरडले कारण आई झोपली होती.

डॉकमध्ये दुसऱ्याची ओळ खोडू नका, कॉमेंट टाका, आणि दर तासाला स्वतःकडे कॉपी काढा. सिग्नेटरी झालात म्हणजे ठराव तुम्हाला मान्य आहे असं नसतं, त्यावर चर्चा व्हावी एवढंच, त्यामुळे सही मागताना आणि देताना घाबरू नका. स्पॉन्सर होताना, म्हणजे ठराव मांडणाऱ्यांत नाव देताना, मात्र प्रत्येक ओळ वाचा. वोटिंगच्या आधी फायनल ड्राफ्ट पुन्हा उघडून बघा, घाईत कोणीतरी जुनं कलम पेस्ट केलेलं असतं.

स्क्रीनशॉटचं राहिलंच. सगळ्यांना इन्स्टावर टाकायची हौस असते, मलाही होती. एका मुलीने मला मेसेज केला की तिचा फोटो आणि नाव प्लीज काढ, तिच्या देशात असल्या चर्चेत दिसणं तिच्या घरच्यांना महागात पडू शकतं. मी लगेच पोस्ट उडवली. तेव्हापासून पहिल्याच दिवशी ग्रुपवर विचारते की कोणाला फोटोत यायचं नाहीये, आणि ज्यांचं उत्तर येत नाही त्यांनाही नाही असंच धरते.